न दिसणाऱ्या वायूचा हिशेब

दीर्घिकेत नवे तारे किती जन्मतील, हे तिच्यातील रेणूरूप हायड्रोजनच्या साठ्यावर ठरते. पण अतिथंड ढगांतला हा वायू जवळपास काहीच प्रारण देत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ त्याच्या सोबतीला असलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरी मोजतात आणि त्यांना एका गुणकाने गुणून हायड्रोजनचा अंदाज बांधतात.

मेख या गुणकातच आहे. तो आपल्या आकाशगंगेवरून बेतलेला आहे. जिथे कार्बन, ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्ये कमी, तिथे धूळही कमी. धुळीचा आडोसा नसला की ताऱ्यांचे अतिनील किरण कार्बन मोनॉक्साइडचे रेणू फोडतात. हायड्रोजनचे बाहेरचे थर मात्र हे किरण शोषून आतल्या वायूला वाचवतात. सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या लहान मॅजेलॅनिक मेघात जड मूलद्रव्यांचे प्रमाण सूर्याच्या साधारण एक पंचमांश आहे. तिथे आकाशगंगेचा गुणक लावला, तर बराच वायू हिशेबातून सुटतो आणि थोड्याशा वायूतून भराभर तारे जन्मत असल्याचा भास होतो.

जेम्स वेब दुर्बिणीने दाखवलेल्या, विश्वाच्या बालपणीच्या अनेक दीर्घिकाही जड मूलद्रव्यांबाबत गरीबच आहेत. त्यांचा वायू मोजताना धुळीचे अवरक्त प्रारण, आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा अशा इतर खुणाही पडताळाव्या लागतात. अर्थात या खुणाही रासायनिक घडणीनुसार बदलतात. म्हणून एकीवर विसंबून चालत नाही. ताऱ्यांच्या जन्माचा वेग खरा की मोजपट्टीचा दोष, याचे उत्तर या ताळ्यातूनच मिळेल.