वॉरंटी तोंडी विकलीत, आता नकार तरी लेखी द्या!

बार्शीकरांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या दारात चारचाकी उभी आहे किंवा यंदा दसऱ्याला घ्यायचा विचार आहे, त्याने शेवटपर्यंत वाचावी. दहा मिनिटं जातील, पण उद्या पन्नास हजार वाचतील.

विषय आहे गाड्यांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचा. कंपनीची मूळ वॉरंटी संपली की पुढची दोन-तीन वर्षं बिघाडाचा खर्च आमचा, असं सांगून गाडी घेतानाच वेगळे पैसे घेतात, तो प्रकार. गाडीप्रमाणे पंधरा हजार, वीस हजार, मोठ्या गाडीला त्याहून जास्त. ऑन रोड किमतीच्या कागदावर आरटीओ, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज यांच्या रांगेत ही ओळ अशी बसवलेली असते की ती घेणं सक्तीचं नाही, हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

विकतानाची भाषा ऐका. "काका, पाच वर्षं डोळे झाकून चालवा. इंजिनपासून एसीपर्यंत सगळं कव्हर आहे." आणि चौथ्या वर्षी गाडी बंद पडून टोचन करून सोलापूरला नेल्यावरची भाषा ऐका. "सर, हे कव्हरमध्ये येत नाही." विकताना काका, नाकारताना सर!

माझ्याकडे बातमीसाठी कागद घेऊन लोक येतात, त्यातली तीन उदाहरणं देतो. नावं देत नाही, शोरूमची पण नाही, कारण प्रश्न एका शोरूमचा नाही.

पहिलं. एका शिक्षकांच्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर गेला. क्लेम नाकारला. कारण काय, तर आधीची सर्व्हिसिंग तेवीस दिवस उशिरा झाली होती. आता कोणत्याही मिस्त्रीला विचारा, इंजिन ऑइल तेवीस दिवस उशिरा बदललं म्हणून एसीचा कॉम्प्रेसर जातो का? संबंध नाही. पण अट मोडली ना, मग सगळीच वॉरंटी बाद. बरं, गुरुजींची गाडी फिरलेली किती? वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर. पण अट अशी असते की "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते". आपला माणूस किलोमीटर बघतो, कंपनी तारीख बघते.

दुसरं. एका कांदा व्यापाऱ्याच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर गेले. उत्तर आलं, "भेसळयुक्त डिझेल." डिझेलचा नमुना घेतला का? नाही. तपासणीचा अहवाल? नाही. मग भेसळ कळली कशी? "अनुभवावरून." पंपावरची भेसळ शोधायला सरकारला प्रयोगशाळा लागते, इथे वर्कशॉपमध्ये नुसत्या नजरेने निकाल!

तिसरं. गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला. गाडी उघडली, आणि मग सांगितलं की क्लचमुळे गिअरबॉक्सवर परिणाम झालाय, क्लच हा झिजणारा भाग, म्हणून क्लच पण तुमचा आणि गिअरबॉक्स पण तुमचा. मालक म्हणाला, मला नको, गाडी जोडून द्या. तर उघडण्या-जोडण्याची मजुरी वेगळी, आणि निर्णय होईपर्यंत रोजचं पार्किंग भाडं वेगळं. गाडी त्यांच्या ताब्यात, सुटे भाग टेबलावर. माणूस सही करणार नाही तर काय करणार?

या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे, आणि माझं सगळं भांडण तिच्याशी आहे. तिघांपैकी एकालाही नकार लेखी मिळाला नाही. फोनवर सांगितलं, काउंटरवर सांगितलं, "सिस्टीमवर रिजेक्ट झालंय" म्हणून सांगितलं. कुठल्या कलमाखाली, कुठल्या पुराव्यावर, कोणी ठरवलं, याचा चिठोरा नाही. म्हणजे वॉरंटी विकली तोंडी, नाकारली तोंडी, लेखी फक्त एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे बिल!

आता दुसरी बाजू पण मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर, बॅटरी, रबरी बुश हे झिजणारे भाग आहेत. ते वॉरंटीत नसतात, आणि नसावेत पण. उंदराने वायरिंग कुरतडलं तर त्यात कंपनीचा दोष नाही. दोन-दोन वर्षं सर्व्हिसिंग न करता इंजिन बसवून घेणारे आणि मग शोरूममध्ये आवाज चढवणारे महाभागही मी पाहिलेत. आणि काउंटरवरचा तो पोरगा पगारी नोकर आहे, क्लेम मंजूर करायचा अधिकार त्याच्या हातात नसतो. त्याच्या अंगावर जाऊन काही मिळत नाही.

पण मग हेच सगळं विकताना का सांगत नाही? "काका, क्लच यात येत नाही, सर्व्हिसिंग एक महिना चुकली तर वॉरंटी जाऊ शकते" एवढी दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो? बोलत नाहीत, कारण बोलले तर गिऱ्हाईक विचार करील. अटींचा कागद पैसे भरल्यावर येतो, बारीक अक्षरात, इंग्रजीत. कधी कधी तोही नाही, मोबाईलवर नुसती लिंक. जो माणूस सातबारा चार वेळा वाचून घेतो, त्याला वीस हजाराची वस्तू न वाचता घ्यायला लावतात आणि वर सुनावतात, "तुम्ही वाचायला पाहिजे होतं."

आणखी एक गंमत. "इन्शुरन्स आहे ना, मग त्यातून करून घ्या" असा सल्ला मिळतो. वाहन विम्याची पॉलिसी उघडून बघा. यांत्रिक आणि विजेचा बिघाड आणि झीज त्यात वगळलेली असते. विमावाला म्हणतो हा यांत्रिक बिघाड, वॉरंटीवाला म्हणतो हे बाहेरच्या कारणाने झालं. आपण मधल्यामध्ये. आणि नुसती वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, त्यामुळे विमा लोकपालाकडे जायचा रस्ताही तिथे उपयोगी पडत नाही.

मग कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात प्रत्यक्षात दिशाभूल करणारी वॉरंटी देणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' मानली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मॉडर्न इन्सुलेटर्स या विम्याच्या प्रकरणात म्हटलं होतं की जी वगळण्याची अट ग्राहकाला कळवलीच नाही, तिचा आधार घेऊन कंपनीला हात झटकता येणार नाहीत. प्रकरण विम्याचं होतं, पण तत्त्व इथेही मांडता येतं. पैसे घेताना न दाखवलेली अट क्लेमच्या दिवशी काढून दाखवायची, हा खेळ तोच आहे.

"बाहेरच्या गॅरेजला हात लावू दिला म्हणून वॉरंटी गेली" हे तर नेहमीचं वाक्य. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता. त्याच आदेशात आयोगाने सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा. कंपन्या पुढे अपिलात आणि कोर्टात गेल्या. पण मुद्दा शाळेतल्या पोरालाही पटेल इतका सरळ आहे. गॅरेजमध्ये हॉर्न बसवला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी का जावी?

कायद्यातही एक मोठी खोट आहे, ती पण सांगतो. सेवेत कसूर झाली, तर तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येते. पण "ही अटच अन्यायकारक आहे, ती रद्द करा" असं म्हणायचं असेल, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'अनुचित करार', तर जिल्हा आयोगाला तो अधिकारच नाही, थेट राज्य आयोगात जावं लागतं. वीस हजाराच्या वॉरंटीसाठी बार्शीचा माणूस राज्य आयोगात जाणार का? नाही जाणार. हे कंपनीला माहीत आहे, म्हणून अटी तशाच राहतात. हा अधिकार जिल्ह्याला मिळाला पाहिजे, आणि ही मागणी आपल्या खासदारांनी दिल्लीत मांडली पाहिजे. शोरूमच्या उद्घाटनाला फीत कापायला वेळ असतो, याला पण काढा.

आणि आपल्या स्थानिक वृत्तपत्रांत या विषयावर ओळ का येत नाही, हे सांगायला नको. पाडव्याला, दसऱ्याला पानभर जाहिरात कोणाची असते ते बघा.

आता आपण काय करायचं? नेत्याला फोन लावून वीस टक्के सूट मिळवायची आणि घरी यायचं, ही आपली जुनी सवय. त्याने तुमचं भागतं, पण पुढच्या माणसाला तीच थाप बसते. त्यापेक्षा हे करा.

गाडी घेताना: एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे देण्याआधी अटींचा कागद मागा. "नंतर मेलवर येईल" म्हणाले तर "पैसेही नंतरच देतो" म्हणा. काय कव्हर नाही, एवढाच भाग आधी वाचा. "सगळं कव्हर आहे" असं कोणी म्हणालं, तर तेच वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लिहीत नसेल, तर समजून जा.

गाडी सर्व्हिसिंगला देताना: तारीख पाळा, किलोमीटरवर जाऊ नका. जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटरचा आकडा टाकून घ्या, प्रत घ्या. प्रत्येक बिल जपून ठेवा.

क्लेम नाकारला तर: तोंडी नकार ऐकून घेऊ नका. कलम, कारण आणि पुरावा लेखी मागा. नाही दिला तर स्वतः ईमेल टाका, "अमुक तारखेला तुम्ही अमुक कारण सांगून नकार दिला." तो तुमचा पुरावा. काढलेला जुना पार्ट ताब्यात घ्या. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पार्टच भंगारात गेला तर काय तपासणार? गाडी अडकवून ठेवली असेल आणि पैसे भरावेच लागले, तर "निषेध नोंदवून भरत आहे" असं लिहून भरा.

पुढची पायरी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा आयोग. वकील सक्तीचा नाही. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नका. तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलंय, प्रत्यक्षात तारखा पडतात, हे खरं. पण लेखी कागद हातात असलेल्या माणसाशी कंपनी आयोगाच्या दारात वेगळ्या आवाजात बोलते.

आणि मागणी प्रशासनाकडे. याच कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. साहेब, पुढच्या बैठकीत एवढे दोनच विषय घ्या. एक, एक्स्टेंडेड वॉरंटी विकण्याआधी काय कव्हर नाही याचा एक पानी कागद मराठीत देऊन सही घ्यावी. दोन, क्लेम नाकारला तर कलमासह लेखी नकार द्यावा. जिल्ह्यातल्या सगळ्या शोरूमवाल्यांना बोलवा आणि सांगा. यात कोणाचं नुकसान नाही. ज्याचा नकार खरा आहे, त्याला तो लिहून द्यायला भीती कसली?

ज्यांच्याकडे असे क्लेम नाकारल्याचे कागद, मेल, मेसेज असतील त्यांनी मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव गुप्त ठेवीन. पुरेसे जमले की गठ्ठा करून जिल्हाधिकाऱ्यांना नेऊन देऊ. आणि कागद नसेल, तर आधी शोरूमला एकच ओळ पाठवा: नकार लेखी द्या.

#नकार_लेखी_द्या