तेलाला उन्हाची ऊब

थंडीत खोबरेल तेल थिजले, की बाटली उन्हात ठेवण्याचा रिवाज घरोघरी आहे. राजस्थानातील बाडमेरच्या कच्च्या तेलाची प्रकृती अशीच. मात्र ते थंडीची वाट पाहत नाही. त्यात मेण इतके, की तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले तरी ते थिजू लागते. त्यामुळे तेथील मंगला क्षेत्रातून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेली आहे आणि वाटेत विजेवर सतत तापवली जाते. तेल सुमारे ६५ अंशांवर राखावे लागते. त्यासाठीची वीज वाटेवरच्या केंद्रांत नैसर्गिक वायू जाळून तयार होते.

६५ अंश म्हणजे गच्चीवरच्या सौर बंबातील पाण्याइतकीच उष्णता. एवढ्यासाठी वायू जाळायचा आणि तोही देशातील सर्वाधिक ऊन पडणाऱ्या भागात, हा व्यवहार तपासून पाहायला हवा. केंद्रांजवळ सौर पॅनेल बसवून दिवसाची वीज मिळवता येईल किंवा आरशांनी तापवलेल्या द्रवाची उष्णता तेलाला देता येईल.

अडचण रात्रीची आहे. सूर्य मावळला तरी तेल वाहतच असते आणि वाळवंटातील हिवाळी रात्र कडक असते. वाहिनीत तेल एकदा थिजले, तर ते पुन्हा वाहते करणे महाकठीण. म्हणून वायूची व्यवस्था मोडून चालणार नाही. पण आवरणातील गरम तेल चटकन निवत नाही. दिवसा ऊन, रात्री वायू, अशी विभागणी त्यामुळे शक्य वाटते. ओमानमधील अमल तेलक्षेत्रात २०१७ पासून काचगृहांतील आरशांनी वाफ तयार झाली, ती घट्ट तेल पातळ करण्यासाठी. तेथेही हेतू वायू वाचवण्याचाच होता.

उन्हाने तापवले म्हणून तेल 'हरित' होत नाही. त्याचे बहुतेक प्रदूषण ते जाळल्यावरच होते. तशी जाहिरात कोणी करू नये. मात्र गरजेपैकी जवळपास निम्मा नैसर्गिक वायू आयात करणाऱ्या देशात वाचलेला वायू खतासाठी, स्वयंपाकघरासाठी मोलाचा आहे. आधी दोन-चार केंद्रांवर प्रयोग करावा, एक उन्हाळा आणि एक हिवाळा मोजमाप घ्यावे, आकडे जाहीर करावेत. पुढचा निर्णय त्या आकड्यांवरच व्हावा.