खोलायची मुभा हवी, तपासणीची सूट नको

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची स्पोर्ट्स कार तयार होत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या आणि कारखाना बंद होऊन चार दशके उलटली, तरी त्यांतल्या हजारो गाड्या अजून धावतात. त्या धावतात त्या बऱ्याच अंशी मालकांच्या हातांमुळे. घराच्या गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर चढवायची, पुढचे सस्पेन्शन सगळे उतरवायचे, झिजलेले बदलून पुन्हा बसवायचे, हा तिथला जुना रिवाज आहे. २०१८ च्या मे महिन्यापासून ब्रिटिश सरकारने ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना एमओटी या वार्षिक तपासणीतून सूट दिली. आपली गाडी घरी खोलण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, तो कायद्याने जपलाच पाहिजे. पण ही सूट चुकीची आहे, आणि का चुकीची आहे ते त्याच सस्पेन्शनकडे नीट पाहिले की कळते.

आधी हे काम घरी होऊ शकते ते कशामुळे, ते पाहू. एमजीबीच्या पुढच्या चाकांचा सगळा डोलारा एका आडव्या क्रॉसमेंबरवर उभा आहे आणि तो मोजक्या बोल्टांनी गाडीला जोडलेला आहे. खाली विशबोन, मध्ये कॉइल स्प्रिंग, वर तरफेच्या जातीचा शॉकअप. त्या शॉकअपचा हातच वरच्या आर्मचे काम करतो. चाक वळते ते किंगपिनवर, आणि तिला ग्रीस पाजायला निपल दिलेली आहेत. मागे साधे पाटे. मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे टॅक्सी म्हणून राबलेल्या पद्मिनीचा आराखडाही ढोबळमानाने असाच होता, पुढे विशबोन आणि कॉइल, मागे पाटे. म्हणून तर फुटपाथवरचा फिटर चार पाने आणि एका जॅकवर तिला उभी करत असे. एमजीबीत प्रत्येक बुश, प्रत्येक वॉशर वेगळा मिळतो आणि प्रत्येक नट किती घट्ट आवळायचा याचा आकडा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये छापलेला आहे. जॉन हेन्स यांनी गाडीमालकांसाठी काढलेल्या दुरुस्ती-पुस्तकांच्या मालिकेतले पहिले पुस्तकही १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या स्पोर्ट्स कारवरच निघाले. उघडता येणारी रचना, सुटे भाग आणि छापील माहिती या तिन्ही गोष्टी जागेवर असल्या, की हौशी माणसाच्या हातूनही चोख काम होते.

आणि कारखान्याचे काम नेहमी मालकाच्या कामापेक्षा सरस असते, हेही खरे नाही. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या नियमांशी जुळवून घेण्यासाठी एमजीबीला काळे रबरी बंपर लावले आणि सस्पेन्शन उंच करून गाडी साधारण इंचभर वर उचलली. त्याच सुमारास खर्च वाचवण्यासाठी उघड्या टपाच्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. गाडी वळणावर झुकू लागली, तिची जुनी पकड गेली. पुढे कंपनीने बार परत बसवला, उंची मात्र तशीच ठेवली. ती उतरवण्याचे काम पुढे अनेक मालकांनी स्वतः केले. म्हणून ‘सस्पेन्शनला हौशी माणसाने हातच लावू नये’ असे कोणी म्हणाले की ते मला पटत नाही.

मात्र या आक्षेपामागची भीती पोकळ नाही. पुढची एकेक स्प्रिंग ४०० किलोहून अधिक भार पेलत दबून बसलेली असते. ती मोकळी करताना खालच्या स्प्रिंग-पॅनचे दोन बोल्ट काढून त्या जागी लांब आट्यांचे बोल्ट घालायचे, पॅनखाली जॅक ठेवायचा आणि स्प्रिंग अगदी हळूहळू सैल होऊ द्यायची. घाई केली तर ती माणसाला जायबंदी करू शकते. तरीही हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. खरा दगा देते ते न दिसणारे चुकणे. रबरी बुशाचेच पाहा. अनेक बुशांत आतली लोखंडी नळी रबराला चिकटवलेली असते. चाक हवेत लोंबत असताना नट कसला आणि मग गाडी जमिनीवर उतरवली, तर आर्म वर जातो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. त्या दिवशी सगळे झकास दिसते, गाडी सरळ चालते. काही महिन्यांनी रबर फाटते आणि चाकाची दिशा सैलावते. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा पाना फिरवायचा, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला आपण चुकलो हेही ठाऊक नसते. पुढच्या हबच्या बेअरिंगचेही तसेच. तिथे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर इतकीच ढील हवी आणि ती पातळ चकत्या घालून जमवायची. जास्त ठेवली तर चाक डगमगते, अजिबात ठेवली नाही तर बेअरिंग तापून जाते. आपल्या हातच्या कामात चूक शोधायला आपलीच नजर पुरी पडत नाही, आणि ही उणीव हौशी माणसापुरती नाही. मुरलेल्या मेकॅनिकच्या कामावरही दुसऱ्याने नजर टाकावी लागते.

सूट देताना सरकारने कारण दिले, की या गाड्या वर्षाकाठी फार थोड्या धावतात आणि मालक त्यांना जिवापाड जपतात. दुसरी गोष्ट खरी असेल. पहिलीचा निष्कर्ष मात्र उलटा काढला आहे. रबर मैलांवर जुने होत नाही, वर्षांवर होते. उभ्या गाडीच्या किंगपिनमधले ग्रीस सुकते, ब्रेकच्या तेलात ओल उतरते, रबरी पाइपना भेगा पडतात. रोज चालणारी गाडी आवाज करून, एका बाजूला ओढून चालकाला काहीतरी सांगत असते. वर्षातून चार वेळा निघणाऱ्या गाडीच्या मालकाला तुलनेला कालची आठवणच नसते. शिवाय आज बाजारात मिळणाऱ्या बदली बुशांपैकी काहींचे रबर इतके हलके असते, की नवा भाग घातला म्हणजे निश्चिंत झालो असे मुळीच नाही.

‘तपासणारा काही खोलून पाहत नाही, मग उपयोग काय?’ असेही हौशी मंडळी विचारतात. खोलायची गरज नसते. चाक जमिनीवरून उचलायचे, वर-खाली धरून हलवायचे. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. ढील नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंगपिनचा. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्याला दोन माणसे लागतात, आणि घरच्या गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच असतो. किंगपिन कधी न पाहिलेले तरुण तपासनीस असतील, तर त्यांना ती दाखवून शिकवावी. ते शिकले नाहीत म्हणून तपासणीच रद्द करणे हा उपाय नव्हे. सूट मिळवण्यासाठी गाडीत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे आणि सस्पेन्शनचा प्रकार बदलणे हा मोठा बदल मानला जातो. अट रास्त आहे, पण बदल झालेला नाही हे जाहीर करतो तो मालकच. ज्याने पाना फिरवला, त्याच्याच शब्दावर सगळे सोडलेले आहे. कायद्याने सक्ती नसली तरी हवी त्याला स्वखुशीने एमओटी करून घेता येते. माझ्या मते सस्पेन्शन खोललेल्या प्रत्येकाने ती करून घ्यावी, आणि कायद्यानेही ती पुन्हा मागावी.

यावर कोणी म्हणेल, की मग घरी खोलू द्यायचेच कशाला? नव्या गाड्यांचा प्रवास त्याच दिशेने चालला आहे. अनेक गाड्यांत झिजलेला बॉल-जॉइंट सुटा मिळत नाही, अख्खा आर्म घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक शॉकअप बदलला की कंपनीच्या संगणकाशिवाय गाडी त्याला ओळखत नाही. यात सुरक्षितता वाढते असे नाही. दुरुस्ती महाग होते आणि लोक ती पुढे ढकलतात. झिजलेला जॉइंट तसाच घेऊन फिरणारी गाडी, घरी दुरुस्त करून दुसऱ्याकडून तपासून घेतलेल्या गाडीपेक्षा कितीतरी धोक्याची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली वाहनांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनेही धरली. पोर्टलवर माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर न ठेवता सुटे भाग आणि मॅन्युअल देण्याचे बंधन घालणारा कायदा व्हायला हवा.

तपासणीच्या बाबतीत आपले पारडे ब्रिटनपेक्षा हलके आहे. तिथे गाडी ३ वर्षांची झाली की एमओटी सुरू होते, ती दरवर्षी. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी तपासणी, आणि मग पुन्हा ५ वर्षे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक दिला, त्या नोंदणीची मुदत १० वर्षे. बुशातले रबर इतकी वर्षे कुणासाठी थांबत नाही. पुण्या-मुंबईच्या ज्या हौशी लोकांनी अशा गाड्या मायेने सांभाळल्या आहेत, त्यांनीच पुढाकार घेऊन दरवर्षी एकमेकांच्या गाड्यांची चाके हलवून पाहायला काय हरकत आहे? एकाने चाक धरावे, दुसऱ्याने ब्रेक दाबावा.