सगळ्यांबरोबर जेवा : चकोल्यांचा बेत



खुरपणीचे दिवस असोत की सुगीचे, दिवेलागणीला रानातून घरी आलेल्या बाईला पुन्हा चूल पेटवावीच लागते. भाकरी एकेक करून तव्यावरून ताटात जाते. सगळ्यांची जेवणे होईपर्यंत करणारी तव्यापुढून उठत नाही. मग कालवण उरले असेल तर ते, नाहीतर चटणी-भाकरीवर ती भागवते. घरोघरी हेच चालते, म्हणून कुणाला त्यात वावगे वाटत नाही.

आजचा पदार्थ माणसे जेवायला बसण्याआधीच पुरा होतो. आपल्याकडे याला चकोल्या म्हणतात, विदर्भात वरणफळे, गुजरातेत डाळढोकळी. दूर इटलीच्या खेड्यांतही कणकेचे तुकडे, म्हणजे त्यांचा पास्ता, घेवड्याच्या दाण्यांबरोबर शिजवून असेच पातळसर जेवण करतात.

साहित्य (पाच-सहा माणसांसाठी) : तूरडाळ २ वाट्या, कणीक ४ वाट्या, बेसन पाव वाटी, तेल, ओवा, हळद, तिखट, मीठ, मोहरी, जिरे, हिंग, लसणाच्या ८-१० पाकळ्या, कढीपत्ता, काळा मसाला २ चमचे, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे आणि मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला.

कृती : डाळ हळद घालून मऊ शिजवा आणि घोटून ठेवा. चिंच आधी घालू नका, आंबटामुळे डाळ लवकर शिजत नाही. डाळ शिजते तोवर कणकेत बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ व दोन चमचे तेल घालून घट्ट भिजवा. सैल कणीक वरणात विरघळते.

मोठ्या पातेल्यात तेलाची फोडणी करा. लसूण तांबूस झाला की शेंगदाणे, कढीपत्ता व चिरलेला पाला परता. त्यात घोटलेली डाळ आणि भरपूर पाणी घाला. वरण ताकाइतके पातळ हवे, कारण चकोल्या पाणी पितात. मग मीठ, मसाला, गूळ व चिंच घालून उकळी येऊ द्या.

पोळी जरा जाडसर लाटून सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे करा. वरण खळखळ उकळत असताना ते थोडे थोडे सोडा. वरण थंड असले तर तुकडे एकमेकांना चिकटून गोळा होतो. हलक्या हाताने हलवत दहा-पंधरा मिनिटे शिजवा. तुकडा मोडून पाहा, आत पिठूळ लागला नाही की झाले. सकाळी उरल्या तर घट्ट होतात, तेव्हा गरम पाणी घालून उकळून घ्या.

हे नुसते पोट भरणे नव्हे. प्रथिनांतला जो घटक गव्हात कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी तो गहू भरून काढतो. वरून लिंबू पिळा. लिंबाने डाळीतले आणि पाल्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

लोहाची गोष्ट मुद्दाम काढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. एका पदार्थाने ते भरून येणार नाही. सारखा थकवा, धाप, चक्कर असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. पण रोज उरलेसुरले खाऊन काम ओढणाऱ्या बाईला आधी ताटात तरी नीट मिळायला हवे ना?

म्हणून चकोल्या झाल्या की पातेले मधोमध ठेवा. सासूबाईंना, मुलांना, घरच्या मालकांना बोलवा. लाटायचे, भाजायचे काही राहिलेले नाही, तेव्हा तुमचेही ताट त्याच वेळी वाढा. वर तुपाची धार सोडा, सगळ्यांच्या ताटात सोडाल तेवढीच स्वतःच्याही!