बलोपासना : वजनाची की मातीची?

आज चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती. सूर्योदयापूर्वी गावोगावच्या मारुतिमंदिरांतून जन्माचे कीर्तन झाले असेल, पाळणा हलला असेल आणि सुंठवड्याचा प्रसाद घरोघर पोहोचला असेल. मारुतीसारखा बलवान हो, असा आशीर्वाद आज असंख्य मुलांना मिळेल. आशीर्वाद देणे सोपे आहे. परंतु बलवान व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे, असा प्रश्न मुलाने केलाच, तर घरात दोन पक्ष पडतात. आजोबा तालमीकडे बोट दाखवितात आणि नातू जिमकडे. ज्या घरातील मुलगा कुस्ती करतो, तेथे तर हा वाद रोजचा होऊन बसला आहे. तालमीतील वस्ताद म्हणतात, लढत कर, बळ आपोआप येईल. सोबती म्हणतात, वजने उचलल्याखेरीज आजची कुस्ती जिंकता येत नाही. मुलगा दोहोंच्या मध्ये सापडतो, आणि वडील महिन्याचा खर्च मांडीत बसतात.

हा प्रश्न केवळ व्यायामाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा वेळ, त्याचे गुडघे, त्याची मान, घरातील पैसा आणि त्याच्या मनाला लागणारे वळण, एवढे सगळे त्यात गुंतलेले आहे. म्हणूनच बलदेवतेच्या या दिवशी त्याचा विचार थोडा खोलात जाऊन करावा, असे आम्ही ठरविले.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वजन उचलणे ही परक्यांची रीत आणि मातीत लढणे ही आपली, अशी वाटणी अनेक जण करतात. ती खरी नाही. आपल्या तालमींतून दगडी नाल होते, मुद्गल होते, करेले होते. सोबत्याला पाठीवर घेऊन बैठका मारण्याची रीत जुनीच आहे. हौद्यातील लाल माती फावड्याने खोलवर उकरायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती खालवर करायची आणि मग जड फळी दोराने ओढून ती सपाट करायची, हे काम ज्याने केले आहे त्याला पाठीच्या व्यायामाचे निराळे यंत्र लागत नाही. जेजुरीला मर्दानी दसऱ्याच्या वेळी खंडोबाचा सुमारे 42 किलो वजनाचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची स्पर्धा आजही होते, आणि पाहणारे भक्तिभावाने येळकोट करतात. आणि ज्याची जयंती आज आपण साजरी करीत आहोत, त्याचे सर्वांत लाडके चित्र तरी कोणते? हातावर द्रोणागिरी घेऊन आकाशातून येणाऱ्या मारुतीचेच ना? तेव्हा वजन उचलण्यात अधर्म नाही आणि परकेपणही नाही.

परंतु त्या चित्राचा अर्थ नीट पाहावा. मारुतीने पर्वत उचलला तो आपले बळ लोकांस दाखविण्यासाठी नव्हे. लक्ष्मण मूर्च्छित पडला होता, औषधी ओळखू येत नव्हती, वेळ निघून चालला होता. म्हणून त्याने पर्वतच उचलला. कार्य आधी आले, वजन मागाहून. कुस्तीच्या मेहनतीचाही हाच नियम आहे, असे आमचे मत आहे. मल्लाचे कार्य लढत हे होय. वजनाने त्या कार्याची सेवा करावी. त्याने धनीपण मागू नये.

लढतीतून जे बळ येते, ते लोखंडातून का येत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लोखंडी दांडा दोन्हीकडे सारख्या वजनाचा असतो, हाताला घट्ट लागतो आणि ठरलेल्या वाटेने वरखाली जातो. प्रतिस्पर्धी मात्र घामाने निसरडा झालेला असतो, क्षणाक्षणाला वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकीत असतो, आपण ओढले की ढकलतो, ढकलले की निसटतो. गर्दनखेच चालू असताना मान ताठ धरून, श्वास न गमावता, पाय रोवून उभे राहावे लागते. पट काढताना वाकलेल्या अवस्थेतून एकदम उसळी घ्यावी लागते. कब्जा घेतल्यावर बराच वेळ स्नायू आवळून धरावे लागतात. शरीरशास्त्र सांगते की शक्ती ही हालचालीशी, सांध्याच्या कोनाशी आणि वेगाशी बांधलेली असते. ज्या रीतीने स्नायू आणि मज्जातंतू यांना काम करण्याची सवय लावावी, त्याच रीतीने ते प्रसंगी धावून येतात. म्हणूनच जिममध्ये मोठाली वजने सहज उचलणारा तरुण हौद्यात उतरला की दोन मिनिटांत धापा टाकू लागतो, आणि त्याच्याहून हाडकुळा दिसणारा तालमीतील पठ्ठा त्याला फिरवून मातीवर टेकवितो. त्या पठ्ठ्याचे बळ त्याच्या दंडांत कमी आणि त्याच्या सवयीत अधिक साठलेले असते.

थोर गामाचे उदाहरण येथे आठवते. बडोद्याच्या संग्रहालयात एक प्रचंड दगड आहे. 1902 साली गामाने तो उचलला असे सांगतात. पण जगाने गामाला त्या दगडासाठी लक्षात ठेवले नाही. 1910 साली लंडनमध्ये पोलंडचा झबिस्को त्याच्यासमोर उभा राहिला. झबिस्को अंगाने गामापेक्षा पुष्कळ जड. तो जमिनीला चिकटून बसला आणि दोन तासांहून अधिक वेळ गामाला तो चीत करता आला नाही. कुस्ती अनिर्णित राहिली, आणि पुन्हा लढण्याच्या ठरलेल्या दिवशी झबिस्को आलाच नाही. पुढे 1928 साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भिडले, तेव्हा पन्नाशीच्या घरात पोहोचलेल्या गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. या हकिकतीत दोन्ही पक्षांना शिकण्यासारखे आहे. शरीराच्या जडपणाने झबिस्कोला एकदा वाचविले, हे खरे. पण त्या जडपणाने त्याला जिंकविले नाही. जिंकले ते हजारो लढतींतून मुरलेले बळ.

एवढे सांगून आम्ही थांबलो, तर जुन्या मताची मंडळी प्रसन्न होतील. परंतु सत्याची दुसरी बाजूही तितकीच ठामपणे मांडली पाहिजे. केवळ लढत केली की बळ वाढतच जाते, हे म्हणणे पूर्ण खरे नाही. स्नायूंची ताकद वाढावयाची तर त्यांच्यावरील भार हळूहळू वाढवीत न्यावा लागतो. 57 किलोचा मल्ल वर्षानुवर्षे 57 किलोच्याच जोडीदाराशी लढत राहिला, तर त्याचे डाव सफाईदार होतील, दम वाढेल. पण मूळ ताकद एका मर्यादेला येऊन थांबेल. हजार बैठका मारणाऱ्याने दीड हजार मारल्या, तर त्याचा टिकाऊपणा वाढतो. एका झटक्यात लावावयाचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही, आणि गुडघे मात्र झिजतात. लढतीचा वेळ नुसता वाढवीत गेले, तर दुखापतीही वाढतात. याउलट नीट शिकून, मापून उचललेले वजन हाडे व सांध्यांभोवतालची बंधने बळकट करते आणि दुखापतीपासून काही अंशी संरक्षणही देते. वजनाने अंग आखडते, उंची खुंटते, असे जे पूर्वीपासून बोलले जाते, त्याला आजच्या अभ्यासाचा आधार नाही. जाणत्याच्या देखरेखीखाली, सांधा पूर्ण फिरवून केलेल्या व्यायामाने लवचिकपणा कमी होत नाही. ज्या वस्तादांनी हे न पाहता लोखंडाला सरसकट बंदी केली, त्यांनी आपल्याच पठ्ठ्यांचा एक हात बांधून ठेवला, असे आम्हांस नम्रपणे सांगावेसे वाटते.

काळही बदलला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली कोल्हापुरास उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्त्या तासन् तास चालत आणि हजारो लोक त्या पाहत बसत. मातीच्या त्या लढतीला चिवटपणा लागे. गादीवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. तेथे स्फोटक वेग लागतो. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत होते आणि दोहोंचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. दोन्हीकडे टिकावयाचे असेल, तर मेहनतीतही दोहोंना जागा द्यावी लागेल. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. म्हणजे हा प्रश्न आता केवळ मुलांच्या घरचा राहिलेला नाही, मुलींच्या घरचाही झाला आहे.

मात्र गादीवरील कुस्तीत वजनगट असतात, हे जिममध्ये रमणाऱ्यांनी विसरू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते 57 किलोच्या गटात. 72 वर्षांनंतर, 2024 साली पॅरिसमध्ये अमन सेहरावत यांनी कांस्यपदक मिळविले, तेही 57 किलोच्याच गटात. त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाट 50 किलोच्या गटात अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, आणि त्या दिवशी सकाळी 100 ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळे अपात्र ठरल्या. जेथे 100 ग्रॅमचा हिशेब होतो, तेथे आरशात शोभून दिसण्यासाठी वाढविलेला स्नायू हे ओझेच होय. सुरसेच्या मुखासमोर मारुतीने आधी देह वाढविला, आणि मग क्षणात अंगठ्याएवढा होऊन तो सुखरूप बाहेर आला. देह किती वाढवावा आणि कोठे आवरावा, हे कळणे हाही बळाचाच भाग आहे.

मग करावे काय? आमच्या मते क्रम असा असावा. लहान वयात मुलाने तालमीत रमावे. जोर, बैठका, दोर चढणे, मल्लखांब आणि रोजची लढत यांतून अंग तयार करावे. वजन हाताळण्याची पद्धत हलक्या वजनावर, जाणत्या शिक्षकाकडून शिकावी. सोळा-सतराच्या पुढे आठवड्यातून दोन वेळा भारी वजनाच्या बैठका, जमिनीवरून वजन उचलणे, ओढण्याचे व्यायाम आणि पकडीचे व्यायाम करावेत; संख्या थोडी, विश्रांती पुरेशी आणि पद्धत चोख. लढतीच्या आधी वजन उचलून थकू नये, कारण थकलेले अंग चुकीचा डाव शिकते. जत्रांचा आणि स्पर्धांचा हंगाम जवळ आला की वजन कमी करून लढत वाढवावी. आणि महिन्या-दोन महिन्यांनी वस्तादांना एकच प्रश्न विचारावा : हे वाढलेले बळ पोराच्या पकडीत उतरले का? उतरले असेल तर लोखंडाने आपले काम केले. नसेल तर तो वेळ हौद्याला परत द्यावा.

खुराकाविषयीही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. दूध, तूप, बदामाची थंडाई, भाकरी, डाळी, फळे यांवर आपल्या मल्लांच्या पिढ्या वाढल्या. आज मुलाच्या हाती रंगीत डबे येतात आणि त्यांच्या मागून कधीकधी सुयाही येतात. डब्यात काय आहे हे डॉक्टरांना दाखविल्याशिवाय ते मुलाच्या पोटात जाऊ देऊ नये, आणि सुईला तर घराचा उंबरठा ओलांडू देऊ नये. उत्तेजक द्रव्याने आलेले बळ चाचणीत पकडले जाते, हे कारण दुय्यम आहे. ते यकृत आणि हृदय पोखरते, हे मुख्य. देवासमोर हात जोडून मागितलेले बळ असे उसने आणणे शोभत नाही.

एक गोष्ट मात्र लोखंडाजवळ नाही आणि तालमीत आहे. ऋषींच्या शापाने मारुतीला आपल्या सामर्थ्याचा विसर पडला होता. समुद्रतीरी सारे वानर हताश बसले असता जांबवंताने त्याला त्याच्या बळाची आठवण करून दिली, तेव्हा उड्डाण झाले. बळ होतेच, ते ओळखणारा आणि योग्य वेळी जागे करणारा कोणीतरी लागला. तालमीतील वस्ताद हा तो जांबवंत होय. कोणत्या पोराला कोणता जोडीदार द्यावा, केव्हा चढवावे, केव्हा थांबवावे, हे तो जाणतो. कुस्ती संपल्यावर हरलेल्याला हात देऊन उठविण्याची रीतही मूल तेथेच शिकते. जिममध्ये जावयाचे असेल तर मुलाने खुशाल जावे, परंतु वस्तादांना सांगून जावे.

समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी दोन चाफळास आहेत. एक प्रताप मारुती, आणि दुसरा रामापुढे हात जोडून उभा असलेला दास मारुती. दोन्ही रूपे एकाच देवाची आहेत. ज्या बळाला कोणापुढे हात जोडावे हे कळते, तेच बळ उपासनेला पात्र ठरते. आज सायंकाळी मुलाला घेऊन मारुतीच्या दर्शनाला जावे, आणि परतताना वाटेत तालीम असेल तर तेथेही जावे. हौद्याच्या काठावर बसून मुलाची एक लढत पाहावी. त्याच्या शक्तीला आणखी काय हवे आहे, ते त्याच्या वस्तादांना विचारावे आणि मगच पैसा कोठे खर्चावयाचा ते ठरवावे.