रांगेतला नंबर

आमच्या कुटुंबाचा माझ्यावर एक जुना आक्षेप आहे. मला म्हणे रांगेत उभे राहता येत नाही. आक्षेप खरा आहे. रेल्वेचे तिकीट मी तत्काळमध्ये काढतो आणि देवदर्शनाला गेलो, की पैसे भरून लवकर आत सोडणारी खिडकी आधी शोधतो. असा मनुष्य रांगेची बाजू घेऊन लिहायला बसला, तर पहिला हशा घरातच पिकायचा. तरीही लिहितो, कारण परवा मी कुंभारीला जाऊन आलो.

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की कुंभारी लागते. विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथलीच. जानेवारी २०२४ मध्ये ज्या रे नगरातली १५,००० घरे पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांच्या स्वाधीन झाली, तेही इथलेच. माझी एक विद्यार्थिनी तिथे राहते. मी गेलो तेव्हा आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होती आणि मुलगी मोबाईलवर आमच्या कॉलेजचे वार्षिक वाचून दाखवीत होती. हे वार्षिक आता आम्ही छापीत नाही; थोडे पैसे भरून त्याचे लहानसे संकेतस्थळ चालवतो. त्यात मुलीचा लेख आला होता, आईच्या हातांविषयी. आईची भाषा तेलुगू. मुलगी एकेक वाक्य तेलुगूत करून सांगत होती. आईचे हात थांबले नाहीत. पण एका वाक्याला तिने मान वर करून मुलीकडे पाहिले.

आणि मला २०१५ साल आठवले. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सला हाताशी धरून निवडक संकेतस्थळे फुकट दाखवण्याची योजना आणली होती. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. त्या डिसेंबरात मार्क झुकेरबर्ग यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा दाखला दिला. हवामान आणि बाजारभाव त्याला या योजनेतून कळतात, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणालो होतो, "गरिबाला काही फुकट मिळते आहे, तर तुमच्या पोटात का दुखावे?" ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगळा दर लावायला बंदी केली आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५०,००० रुपये दंड ठरवला. मला तो निव्वळ आडमुठेपणा वाटला.

कुंभारीच्या त्या खोलीत माझी चूक उमगली. कंपनीच्या अटींत स्वतःला बसवून घेतल्याशिवाय त्या फुकटच्या यादीत शिरकाव नव्हता. आमचे वार्षिक तिथे कशाला जाते? मुलीला फुकट इंटरनेट मिळाले असते, पण तिचा स्वतःचा लेख त्यात नसता.

आमचे मेहुणे दूरसंचारातले इंजिनियर. ते म्हणतात, "पूर्वी साधी तार आणि एक्स्प्रेस तार होतीच ना? सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांनी सगळी वाट अडवायची आणि मनोऱ्यांचा खर्च आम्ही सोसायचा? द्या की जास्त पैसे आणि जा पुढे!" प्रश्न रास्त आहे. सरकारनेही जुलै २०१८ मध्ये समान वागणुकीचे तत्त्व मान्य करताना, जिथे क्षणाचा विलंब चालत नाही अशा खास सेवांना वेगळी वाट ठेवली. परंतु जुलै २०२० मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी जास्त पैसे भरणाऱ्यांना जास्त वेग देऊ केला, तेव्हा ट्रायने त्या योजना थांबवायला सांगितल्या. मग बाकीच्यांच्या वेगाचे काय, हा सवाल होता. वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला. अमेरिकेत तर जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने असे नियमच रद्द ठरवले.

मेहुण्यांना मी माझ्याच पापाचा दाखला दिला. देवळात मी पैसे भरून पुढे जातो, तेव्हा रांगेतल्या माणसाला मी निदान दिसतो. मनातल्या मनात तो मला दोन शिव्या तरी घालू शकतो. इथे पुढे गेलेला दिसतच नाही. पान उघडायला वेळ लागला की मुलगी एवढेच म्हणणार, "आपले वार्षिकच रद्दड आहे," आणि दुसरीकडे जाणार. जो मागे राहिला, तोच वाईट ठरायचा. मेहुणे हसले, पण मनोऱ्यांचा हिशेब त्यांनी सोडला नाही, आणि तो मला अजूनही नीट सोडवता आलेला नाही.

निघताना आईने काही विचारले. मुलीने सांगितले, "आई विचारते, हे आपल्याला दिसते तसेच मुंबईच्या माणसालाही दिसते का?"

"हो," मी म्हणालो, "अगदी तसेच."

कुटुंबाला हे सारे सांगितले, तर ती म्हणाली, "मग उद्या चकलीच्या भाजणीसाठी गिरणीत नंबर लावायला तुम्हीच जा." गेलो. पाऊण तास उभा होतो. कुंभारीत दिलेले ते 'हो' पुढच्या दिवाळीलाही छातीवर हात ठेवून म्हणता यावे, एवढेच डोक्यात होते.