डोंगरावरचं लग्न आणि पळून गेलेली मुलगी



'इलोपमेंट' या इंग्रजी शब्दाचा आपल्याकडचा अर्थ सरळ आहे : पळून जाणं. पोलीस ठाण्याच्या वहीत तो 'फूस लावून पळवून नेले' असा लिहिला जातो आणि गावात 'घराण्याचं नाक कापलं' असा उच्चारला जातो. अलीकडे मात्र हाच शब्द लग्नाच्या बाजारात मानानं मिरवू लागला आहे. दोघांनी एखाद्या डोंगरावर जायचं, सोबत जवळची दहा-बारा माणसं न्यायची, सकाळच्या उन्हात एकमेकांना शब्द द्यायचा, हार घालायचे, जेवायचं. मग माणसांचा निरोप घेऊन दोघांनीच पुढची वाट धरायची. तंबू, वाटाड्या, फोटोग्राफर सगळं ठरलेल्या पैशात. छोटं घरगुती लग्न आणि पळून जाण्याची गंमत, दोन्ही एकाच दिवशी.

हे श्रीमंतांचे चोचले म्हणून सोडून द्यावं, असं काहीजणींना वाटेल. मला तसं वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक प्राध्यापिका आली. मुलगा दुसऱ्या जातीचा, दोघं कमावते, दोन्ही घरं अर्धी राजी, अर्धी नाराज. तिला मंगल कार्यालय, मानपान, आहेर यातलं काहीच नको होतं. म्हैसमाळच्या पठारावर दोन्हीकडची मिळून बारा माणसं, आणि नंतर दोघांनी चार दिवस डोंगरात भटकायचं, एवढीच तिची इच्छा. तिनं विचारलं, "ताई, हे कायद्यात बसतं का?" त्याच आठवड्यात वाळूजच्या वस्तीतली एक आई आली. मुलगी दहावीत, सोळाव्या वर्षात. आई म्हणाली, "बाई, हिचं कुणाशी तरी बोलणं चालू हाय. पळून जायच्या आत उजवून टाकते. तुमी मधी पडू नका." एका मुलीला पळून जाण्याची हौस परवडते आणि दुसरीला पळून जाण्याच्या नुसत्या संशयापायी शाळा सोडावी लागते. शब्द एकच आहे, म्हणून हा विषय आपला आहे.

आधी छोट्या लग्नाबद्दल. मराठवाड्यात मुलीचं लग्न म्हणजे बापाच्या डोक्यावरचं कर्ज, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो. १९६१ च्या कायद्यानं हुंड्याला बंदी केली, तो 'पोशाख', 'वरखर्च', 'गाडी' अशी नावं घेऊन परत आला. पंगतीत किती पानं उठली यावर घराण्याची पत ठरते आणि ते पैसे सोयाबीन-कापसाच्या भरवशावर काढले जातात. म्हणून लग्न लहान करणं हा आपल्या चळवळीचा जुना आग्रह आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीनं पहिलं लग्न लागलं, ते पुरोहिताशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात, सावित्रीबाईंच्या पुढाकारानं. नवरा-नवरीनं एकमेकांना सर्वांसमक्ष शब्द द्यायचा, ही कल्पना आपल्याला कुठून आयात करावी लागलेली नाही.

पण लग्न लहान झालं की ते बाईच्या बाजूचं झालं, असं समजण्याची घाई करू नये. २०२० च्या टाळेबंदीत पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसं आणि दोन तास इथवर खाली आली. लग्न स्वस्तात होऊ शकतं हे त्या काळात सगळ्यांना कळलं. आणि त्याच काळात 'आता खर्च नाही, उरकून घ्या' म्हणत कोवळ्या मुलींची लग्नं घराच्या मागच्या खोलीत लावून टाकली गेली. माणसं कमी असल्यानं बोभाटाही झाला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. तेव्हा मांडवात माणसं किती यापेक्षा नवरीला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मोठा आहे.

आता पळून जाण्याबद्दल. आपल्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं. कथा काय आहे? भावानं ठरवलेला नवरा मुलीला नको आहे. ती स्वतः पत्र लिहिते, विश्वासू माणसाहाती पाठवते, कुठे आणि कधी यायचं ते कळवते, आणि अंबिकेच्या दर्शनाला म्हणून बाहेर पडते ती रथात बसून निघून जाते. भाऊ हत्यार घेऊन मागे धावतो. हीच पोथी आपल्याकडे लग्न जमत नसलेल्या मुलीला वाचायला बसवतात, म्हणजे चांगलं स्थळ येईल! घर सोडून गेलेल्या मुलीची पोथी वाचायची आणि आईबापांनी दाखवलेल्या मुलासमोर पोह्यांची बशी घेऊन जायचं. रुक्मिणी देव्हाऱ्यात चालते, घरात चालत नाही.

घरात चालत नाही म्हणजे काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यानं डिसेंबर २०२१ मध्ये पाहिलं. वैजापूर तालुक्यात पसंतीनं लग्न केलेल्या एका तरुण मुलीचा, भेटायला म्हणून आलेल्या माहेरच्या माणसांकडूनच खून झाल्याचं ते प्रकरण आपण विसरलेलो नाही. अशा मुलीला डोंगर, वाटाड्या, फोटोग्राफर काही नसतं. एका पिशवीत दोन कपडे, शाळेचा दाखला आणि बंद करून ठेवलेला फोन असतो. परतीचं दार उघडं असलं की जाण्याला सहल म्हणता येतं. दार बंद असलं की ते पळणंच.

तरीही त्या प्राध्यापिकेच्या मागणीत मला काही मोलाचं दिसलं. तिला घरच्यांपासून तोंड लपवायचं नव्हतं. घरच्यांना सोबत घेऊन, पण त्यांच्या ताब्यातून सुटून, लग्न स्वतःचं करायचं होतं. तिला आम्ही जे सांगितलं ते इथे देते, कारण हे प्रश्न आता गावोगावच्या गटांकडे येणार आहेत.

विशेष विवाह कायदा १९५४ सालचा आहे. दोघांपैकी एकानं तरी ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य केलं आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. तीस दिवसांत कुणी हरकत घेऊ शकतं, पण ती वय, आधीचा जिवंत जोडीदार, संमती देण्याची मानसिक क्षमता आणि निषिद्ध नातं एवढ्याच कारणांवर. 'आम्हाला जात पसंत नाही' ही कायद्याच्या दृष्टीनं हरकत नव्हे. मग नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. आणि याच कायद्याचं बारावं कलम म्हणतं, की लग्न कार्यालयातच लागलं पाहिजे असं नाही. जादा शुल्क भरून कार्यालयापासून वाजवी अंतरावर दोघांना हव्या त्या ठिकाणी आणि हव्या त्या पद्धतीनं ते लागू शकतं. मात्र अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर 'मी तुझा पती म्हणून स्वीकार करते', 'मी तुझा पत्नी म्हणून स्वीकार करतो' हे दोघांनी उच्चारलं पाहिजे. म्हणजे डोंगरावरच्या लग्नाची वाट आपल्या कायद्यानं सत्तर वर्षांपूर्वीच मोकळी ठेवली आहे. अंतर वाजवी की नाही हे अधिकारी ठरवणार, म्हणून आमचा साधा सल्ला असा : सही-शिक्के शहरातल्या कार्यालयात आधी करा, आणि मग खुशाल म्हैसमाळला जा.

नुसते हार आणि फोटो यांवर मात्र विसंबू नका. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाच्या तरी रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. विधी झालेच नसतील तर केवळ दाखला मिळवल्यानं लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. हा तांत्रिक मुद्दा नाही. आमच्याकडे पोटगीसाठी येणाऱ्या बायकांत अशा काहीजणी असतात, ज्यांच्याजवळ लग्नाचा पुरावा म्हणून देवळातला एक धूसर फोटो असतो. नवरा कोर्टात सांगतो, 'ओळख होती, लग्न नव्हतं.' पुजारी आठवत नाही म्हणतो, मित्र साक्षीला येत नाहीत. दोघांचंच गुपित असलेलं लग्न, त्या दोघांतल्या एकानं नाकारलं की दुसरीच्या हातात काही उरत नाही. म्हणून शपथ खाजगी असू द्या, प्रवास खाजगी असू द्या, पण साक्षीदार उघड असू द्या. आणि त्या साक्षीदारांत निदान एक बाई तुमच्या बाजूची, उद्या वेळ आली तर तुमच्यासाठी उभी राहणारी असू द्या.

दुसऱ्या बाजूला, ज्या मुलींच्या जिवाला धोका आहे त्यांच्यासाठी हाच उघडेपणा घातक ठरतो. महिनाभर भिंतीवर लावलेली नोटीस म्हणजे घरच्यांना आणि गल्लीतल्या 'रक्षकांना' धाडलेलं आमंत्रण. त्यात डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमून अशा जोडप्यांची माहिती गोळा करण्याचं काम तिच्याकडे दिलं. बाईच्या काळजीच्या नावाखाली तिच्यावर पाळत ठेवण्याची ही जुनीच रीत आहे. याउलट २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सज्ञान मुलामुलींच्या लग्नाला घरच्यांची, जातीची वा पंचायतीची परवानगी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष हवा आणि सुरक्षित निवाऱ्याचा विचार व्हावा. महाराष्ट्र शासनानं डिसेंबर २०२४ मध्ये सुरक्षागृहांबाबत परिपत्रक काढलं. साताऱ्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी असा निवारा सुरू केला आहे, म्हणजे हे अशक्य नाही.

तेव्हा आपल्यापुढची कामं तीन. पहिलं, प्रत्येक गटानं आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी विचारावं : विशेष कक्ष कुठे आहे, सुरक्षागृहाचा पत्ता गुप्त राहतो का, तिथे बाई अधिकारी आहे का? दुसरं, नोटीस जाहीर लावण्याची अट काढावी ही मागणी पुन्हा लावून धरावी. तिसरं काम कागदावरचं नाही आणि सर्वांत कठीण आहे : आपल्या गटातल्या आयांशी बोलण्याचं. पळून जाण्याच्या भीतीनं सोळाव्या वर्षी उजवलेली मुलगी सुरक्षित होत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड होते.

वाळूजच्या त्या आईशी आमचं बोलणं अजून चालू आहे. बालविवाह प्रतिबंधक कायद्याची आठवण तिला पहिल्याच दिवशी करून दिली, पण तेवढ्यानं भागत नाही. मुलगी सध्या शाळेत जाते आहे. आईची भीती खोटी नाही. शेजारीपाजारी काय बोलतील, सासर मिळेल का, हे तिला एकटीला सोसायचं आहे. ती एकटी राहणार नाही एवढं आपण पाहू शकलो, तरच मुलीला अठरा वर्षांची व्हायला वेळ मिळेल. मग ती मांडवात लग्न करो, कार्यालयात करो, डोंगरावर करो किंवा करूच नये असं ठरवो.

आपल्या भागात सुरक्षागृहाची चौकशी केल्यावर काय उत्तर मिळालं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती उत्तरं जिल्हावार छापण्याचा विचार आहे. पत्रात जोडप्यांची नावं मात्र लिहू नका.